हौद विसरलेली फळी

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. माझ्यासारखीने आपली गोष्ट झाडापासून सुरू करायची असते, हे मला ठाऊक आहे. पण मला आधी एक पत्र आठवते आणि ते आठवले की झाड, करवत, सुतार सगळे मागे पडते. ते पत्र एका बहिणीने भावाला लिहिले होते. भावाने ते दुकानात उभ्या उभ्या वाचले, पुन्हा एकदा पुटपुटत वाचले, घडी घातली आणि माझ्यावर मांडलेल्या दोन जाड शब्दकोशांच्या मध्ये सरकवून ठेवले. पत्रात एकच प्रश्न होता आणि तो माझ्याबद्दल होता. त्याचे उत्तर कितीतरी दिवस गेले नाही. का गेले नाही, हे सांगायचे तर मला स्वतःबद्दल फारसे चांगले बोलता येणार नाही. मध्येच अडखळले तर सांभाळून घ्या. मला बोलायची सवय नाही. माझे काम पाणी अडवण्याचे होते.

आमचे दुकान पुस्तके बांधण्याचे. नदी जिथे समुद्राला मिळते तिथून जवळच, एका सखल गल्लीत. खाली पुढे दुकान, मागे एक खोली, तिच्यामागे अंगण आणि अंगणात हौद. वर राहायची जागा. या बहीण-भावाच्या वडिलांनी ते सुरू केले आणि पहिल्याच वर्षी वादळाने त्यांना इंगा दाखवला. समुद्र नदीला आत ढकलू लागला की नदी आमच्या गल्लीत शिरते. ते पाणी ओसरल्यावर त्यांनी दाराच्या दोन्ही बाजूंच्या दगडांत उभ्या खाचा पाडून घेतल्या आणि सुताराकडून त्या मापाच्या तीन फळ्या करून घेतल्या. एकीवर एक अशा त्या खाचांत सोडायच्या, की दारात कमरेएवढी लाकडी भिंत उभी राहते. त्या तिघींतली मी तळची. माझ्या अंगावर पाण्याचा भार सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांच्या आधी येणार, म्हणून सुताराने माझ्यासाठी सगळ्यांत चिवट लाकूड निवडले होते. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता. आता तो अभिमान आठवला की कसेसेच होते.

मित्रांनो, लाकूड नुसते दारात लावले म्हणजे पाणी थांबत नाही. कोरडे लाकूड आकसलेले असते. त्याच्या कडेने पाणी आपली वाट काढते. म्हणून वादळाचे दिवस जवळ आले की वडील आम्हाला अंगणातल्या हौदात बुडवून ठेवत. आम्ही तरंगायचो, म्हणून वर दगड. त्या दगडांवर त्यांची थोरली मुलगी पाय पाण्यात सोडून बसे. तिला सगळे ताईच म्हणत, वडीलसुद्धा. धाकटा मुलगा पायरीवर पुस्तक घेऊन बसलेला असे. त्याला हाक मारली तर तो "हं" म्हणे आणि पान उलटे.

"फळ्यांना आत्ता पोटभर पाणी पाजायचं," वडील सांगत. "तहानलेली फळी दारात उभी केली तर ती पाण्यालाच आत बोलावते."

रेडिओवर वादळाची खबर आली की घरात धावपळ होई, पण गोंधळ नसे. आधी मोरीच्या भोकावर वाळूची पिशवी, कारण पाणी दारातून यायच्या आधी मोरीतून वर येते. मग खालच्या कपाटातली पुस्तके पोटमाळ्यावर. पिण्याचे पाणी भरून वर. विजेचे मेन बटण बंद. मग आम्ही. भिजून जड झालेल्या आम्हाला खाचेत बसवायला लाकडी हातोडा लागे. वडील ठोकत आणि ताई कडांना माती लिंपे. सगळे झाले की ती माझ्यावर हाताची मूठ आपटे. भिजलेली फळी 'ढप्' बोलते. कोरडी 'टण' बोलते. 'ढप्' ऐकले की ताई म्हणे, "बसली." त्या एका शब्दासाठी मी वर्षभर वाट पाहत असे.

एका वादळात पाणी वरच्या फळीच्या कपाळापर्यंत आले. गल्लीत सायकली वाहत होत्या. त्या समोरच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानातल्या. त्या दुकानदाराचा मुलगा धाकट्याचा मित्र होता. तो पाण्यातून चालत आला आणि आमच्यावरून टांग टाकून आत उतरला. आत फरशी कोरडी. वडील बैठकीवर बसून पानांच्या घड्या घालत होते.

"तुमच्या घरात शिरायला शिडी ठेवा काका," तो म्हणाला.

"तुझ्यासाठी ठेवू, पाण्यासाठी नको," वडील म्हणाले.

ते माझे चांगले दिवस होते.

पुढे वडील गेले. ताई दूरच्या गावी इस्पितळात नर्स झाली. निघताना तिने सामान दारात ठेवले आणि खाचेवरून बोट फिरवले.

"मी नसले तरी फळ्या हौदात टाकायच्या. विसरशील."

"नाही विसरणार," धाकटा म्हणाला.

तो खरेच विसरला नाही, मित्रांनो. विसरला असता तर त्याला निदान माफ करता आले असते, असे मला कधी कधी वाटते. तो बुजरा होता, गिऱ्हाइकांशी बोलताना त्यांच्या चपलांकडे पाहून बोलणारा, पण पुस्तक हातात घेतले की त्याची बोटे धीट होत. लोक त्याला पाठीमागे पुस्तकी म्हणत. लग्न झाल्यावरही त्याने काही वर्षे आम्हाला नेमाने हौदात टाकले. मग एका वर्षी घात झाला. वादळ दुसरीकडे वळले, आम्हाला दारातून काढून दुकानातच भिंतीला टेकवून ठेवले, आणि आमच्या ओलीने शेजारच्या कपाटातल्या एका गिऱ्हाइकाच्या पुस्तकाला बुरशी धरली. पुस्तकी ते पुस्तक मांडीवर घेऊन बसून राहिला. कागद आणि ओल यांचे वैर त्याच्या रक्तात होते. त्या दिवसापासून मी त्याला शत्रूकडची वाटू लागले असेन.

त्याने आम्हाला फेकून दिले नाही. उलट, जसे पुस्तक जपावे तसे जपायचे ठरवले. सावलीत वाळवले, शेवाळ खरवडले, तेल चोळले, वर चकचकीत पॉलिश चढवले. दुकानात मांडणीला जागा पुरत नव्हतीच. त्याने भिंतीत लोखंडी ब्रॅकेट ठोकले आणि आम्हाला त्यांवर आडवे बसवले.

त्याची बायको हिशेबी डोक्याची होती. ती जिन्यातून म्हणाली, "फळ्या भिंतीला लावल्यात. मग दाराला काय लावणार, पडदा?"

"वेळ आली की काढू. त्या कुठं पळून जाताहेत?"

आता खरे सांगायची वेळ आली. मला ते फार आवडले. हौदात अंधार असतो, अंगावर गोगलगायी चढतात. इथे माझ्यावर शब्दकोश होते. सकाळी ऊन यायचे. गिऱ्हाईक माझ्या कडेवरून हात फिरवून म्हणायचे, "काय सुरेख फळी आहे हो." तळची म्हणून जन्मलेल्या फळीला असे कोणी म्हणत नाही. मला वाटू लागले, की आपण शिकलेल्या माणसांतल्या झालो. मी एकाही शब्दकोशातला एकही शब्द वाचला नव्हता, हे सोडा.

आणि मी आकसत होते. माझे मला कळत होते. उन्हाळ्यामागून उन्हाळे गेले तशी माझी टोके ब्रॅकेटवर आत आत सरकली. एका बाजूला केसाएवढी चीर पडली. मला करकरता आले असते. लाकडाला तेवढे येते. एखाद्या दुपारी सगळे शांत असताना जोरात करकरले असते तर पुस्तकीने वर पाहिले असते, चीर दिसली असती, कदाचित हौद आठवला असता. मी करकरले नाही. मला खाली उतरायचे नव्हते.

अशातच ताईचे ते पत्र आले. पुस्तकी पुटपुटत वाचत होता, म्हणून मला ते पाठ आहे.

"चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद. मी नोकरीतून मोकळी झाले. गुडघे आता जिना चढू देत नाहीत आणि इथे माझी खोली तिसऱ्या मजल्यावर. तुझी खालची मागची खोली रिकामी असेल तर वादळाचे दिवस लागायच्या आधी तुमच्याकडेच यावं म्हणते. एवढंच कळव, फळ्या अजून हौदात टाकतोस ना? हो म्हणालास की मी निर्धास्त खाली झोपेन. एका ओळीचं कार्ड पुरे."

बायकोने त्याच आठवड्यात मागची खोली झाडली. खाट टाकली, गादीवर धुतलेली चादर घातली. पुस्तकी मात्र कागद पुढे घेई, "ती. ताईस सा. नमस्कार" एवढे लिही आणि पेन खाली ठेवी.

"लिहिलंत का ताईंना?" ती विचारी.

"लिहितो. फळ्या आधी हौदात टाकतो, मग लिहितो. खोटं कसं लिहू?"

"मग टाका."

"टाकतो. पण त्यांच्यावरची पुस्तकं कुठं ठेवू?"

"अहो, तुमच्या बहिणीला झोपायला जागा आहे, पुस्तकांना नाही का?"

तो मान डोलवी आणि कामाला लागे. खोटे लिहायचे नाही एवढा तो प्रामाणिक होता, आणि खरे लिहायचे नाही एवढा भित्रा. त्या दोहोंच्या मध्ये पत्र अडकले होते आणि त्याखाली मी होते, पॉलिश चढवून ऐटीत पडलेली.

एके दिवशी समोरचा सायकलवाला दारात आला. हा धाकट्याचा तोच जुना मित्र, त्याच्या वडिलांच्या पश्चात दुकान आता तो चालवत होता. त्याचा मेहुणा ताईच्या गावी राहत असे आणि सायकलवाला त्याच्याकडे जाऊन आला होता.

"ताई भेटल्या," तो म्हणाला. "तुझी चौकशी केली. म्हणाल्या, त्याला जड होत असेल तर राहू दे म्हणावं."

पुस्तकीने सुई तशीच धरली. "जड कसलं? असं म्हणाली?"

"पुढचंही ऐक. म्हणाल्या, नको तर नको, पण तसं लिहायला दोन ओळी काय जड होत्या? मी काही बोललो नाही बाबा. तुझ्या वतीनं गप्प बसलो. तुझ्याकडूनच शिकलोय."

पुस्तकीचे कान लाल झाले. तो उठला, माझ्यापाशी आला, शब्दकोशांना हात लावला. मला वाटले, आता उतरवणार. पण पुस्तके उचलून कुठे ठेवावीत ते त्याला सुचेना. तो तसाच परत जाऊन बसला. आणि मित्रांनो, मला हायसे वाटले. ताई आपल्याला परके समजू लागली आहे, हे ऐकूनही मला हायसे वाटले. माझ्या साऱ्या आयुष्यात मला सर्वांत जास्त लाज त्या क्षणाची वाटते.

मग वादळ आले. भोंगा लावलेली गाडी भर दुपारी गल्लीतून फिरली, समुद्र चढतो आहे, सखल भागातल्यांनी तयारीला लागा. पुस्तकी लागला. मोरीवर वाळूची पिशवी ठेवली, बटण बंद केले. सगळे वडिलांसारखे. पण फळ्या काढायच्या तर त्यांच्यावरची पुस्तके काढायला हवीत, आणि पुस्तके काढायची तर वर न्यायला वेळ हवा. वेळ नव्हता. त्याने ती फरशीवर रचली. ज्यांना पाण्यापासून वाचवायचे, तीच आम्हाला मोकळे करण्यासाठी जमिनीवर उतरली.

सायकलवाला मदतीला आला. मला खाचेत सोडले. हातोडा लागला नाही. मी खडखडत सरळ खाली गेले.

"ही फळी आहे की खिडकी?" तो वाकून म्हणाला. "मला पलीकडचं दिसतंय."

त्यांनी फटींत चिंध्या कोंबल्या, माती लिंपली. पुस्तकीने माझ्यावर मूठ आपटली. मी बोलले, 'टण'. त्याने पुन्हा आपटली. पुन्हा 'टण'. त्याने हात काढून घेतला आणि माझ्याकडे पाहिले नाही.

पाणी आले. मी प्यायचा प्रयत्न केला. खरोखर केला. घोटभर मिळाले असते तरी मी थोडी फुगले असते, थोडी फट भरली असती. पण अंगावर पॉलिश होते. तहान आत होती आणि तोंडे सगळी बंद. चिंध्या निघाल्या, माती विरघळली, आणि माझ्या दोन्ही कडांनी पाणी आत गेले, अगदी सहज, जसे कोणी पाहुणे यावेत. ते आधी शब्दकोशांपाशी गेले.

तिघांनी जिन्यावरून जेवढे नेता येईल तेवढे नेले. गिऱ्हाइकांची पुस्तके आधी, आपली नंतर. बरीच राहिली. पाणी घोट्याच्या वर आले तेव्हा पुस्तकी मागच्या खोलीत डोकावला. ताईसाठी टाकलेली खाट बुटकी होती. पाणी गादीत शिरले होते आणि धुतलेल्या चादरीचे एक टोक वर तरंगत होते. तो दाराला धरून उभा राहिला.

"बरं झालं मी लिहिलं नाही," तो म्हणाला.

बायको पुस्तकांचा गठ्ठा छातीशी धरून मागे उभी होती. ती अगदी हळू म्हणाली, "लिहायचं ठरवलं असतंत, तर फळ्या हौदात असत्या."

त्याने तिच्या हातातला गठ्ठा घेतला आणि जिना चढला. मी दारात उभी होते, आणि पाणी माझ्या कडांनी येतच होते.

पाणी ओसरले. चिखल राहिला. शब्दकोश भिजून एवढे फुगले, की त्यांच्या पाठी उकलल्या. पुस्तकी पान न् पान सोडवून दोरीवर वाळत घालत होता. ज्यांची पुस्तके गेली त्यांच्या घरी तो स्वतः गेला, आणि बायको सांगत होती, की या वेळी तो त्यांच्या तोंडाकडे पाहून बोलला. मी चिखलात भिंतीशी पडून होते. मला चुलीत घालतील असे वाटले. घातले असते तर मी तक्रार केली नसती.

एका सकाळी तो अंगणात बसला, मला मांडीवर आडवे घेतले आणि फुटक्या काचेच्या धारेने पॉलिश खरवडायला लागला.

"सांभाळून ओढा, हात कापाल," बायको म्हणाली.

"कापला तर कापला."

"कापला तर पत्र कोण लिहिणार? ते निमित्त मिळायला नको."

तो हसला. पुष्कळ दिवसांनी. खरवडताना फार दुखले, पण ते दुखणे मला हवे होते. चकाकी गेली, तेल गेले, खालचे जुने साधे अंग वर आले. मग त्याने आम्हा तिघींना हौदात उतरवले आणि वर दगड ठेवले. अंधार होता, गोगलगायी होत्या. मी प्यायले. किती प्यायले ते सांगता येत नाही. माझी चीर मिटली. शब्दकोशांसाठी त्याने वर, जिन्याच्या तोंडाशी लोखंडी घोडा, म्हणजे पुस्तकांची उघडी मांडणी, आणून ठेवला. इतके सोपे होते ते.

मग त्याने आणखी एक काम केले, जे वडिलांनीही कधी केले नव्हते. आकाश निरभ्र असताना त्याने आम्हाला दारात बसवले. हातोडा लागला. बाहेर पायरीभोवती वाळूच्या पोत्यांचे कडे केले आणि त्या कड्यात बादल्यांनी पाणी ओतू लागला.

"नदी परत गेली रे," सायकलवाला समोरून ओरडला. "तुला आठवण येतेय का तिची?"

"बोलू नकोस. बादली घेऊन ये."

तो आला. तिघांनी ओतले. पाणी माझ्या डोक्यावरून मधलीच्या पोटापर्यंत चढले. आत, उंबरठ्याला अगदी लागून, पुस्तकीने एक पांढरा कोरा कागद जमिनीवर पसरला होता. मग आत उतरून तो त्या कागदापाशी उकिडवा बसला, आणि त्याच्यामागे बायको. डाव्या कोपऱ्यात एक थेंब आला. मी जीव मुठीत धरला. त्याने बोटाने माती दाबली. थेंब थांबला. ते दोघे तसेच बसून राहिले. ऊन पायरीवरून सरकून गेले तरी कागद पांढराच होता.

त्याने माझ्यावर मूठ आपटली. 'ढप्'.

"बसली," बायको म्हणाली. तिने ताईला तसे म्हणताना कधी ऐकले नव्हते. पण त्या आवाजाला दुसरे काय म्हणणार?

पुस्तकीने कागद उचलला, दोन्ही तळव्यांमध्ये धरून पाहिला, आणि तिथेच जमिनीवर बसून त्याच कागदावर लिहिले. लिहिताना तो पुटपुटत होता.

"ती. ताईस सा. नमस्कार. हा कागद दाराच्या आत जमिनीवर ठेवला होता. बाहेर पाणी होतं. हात लावून बघ. तू विचारलंस तेव्हा फळ्या हौदात नव्हत्या, म्हणून उत्तर दिलं नाही. तू नको होतीस म्हणून नाही. नंतरच्या वादळात घरात पाणी शिरलं. तुझी गादी गेली. नवी तुझ्या पसंतीनं घेऊ. खोली पुसून ठेवली आहे. फळ्या आता दरवर्षी हौदात टाकीन. तू दगडांवर बसून बघ. ये."

मित्रांनो, ताई येईल की नाही, मला माहीत नाही. इतके दिवस वाट पाहिलेल्या माणसाने काय करावे, हे एका फळीने सांगू नये. पण एक मागणे मागते. तुमच्याही घरात वाईट दिवसासाठी ठेवलेले काही असेल. दोर असेल, कंदील असेल, वाळूची पोती असतील, माझ्यासारखी एखादी फळी असेल. ते सुंदर दिसते म्हणून नुसते पुसत बसू नका. चांगले दिवस असतानाच त्याला त्याचे काम करायला लावा. ते कुरकुरले तरी लावा. आणि कुणी तुम्हाला त्याबद्दल विचारले, तर उत्तर शोभेसे होईपर्यंत थांबू नका. असेल तसे पाठवा.

पुस्तकीने कागदाची घडी पाकिटात घातली, वर पत्ता लिहिला आणि तिकीट लावले. मग आमच्यावरून टांग टाकून बाहेर पाण्यात उतरला. पाण्यात त्याची विजार गुडघ्यापर्यंत भिजली, पण पाकीट त्याने डोक्याच्या वर धरले होते. पोत्यांचे कडे ओलांडून तो सायकलवाल्याच्या दुकानाशेजारच्या पोस्टाच्या लाल पेटीपाशी गेला आणि तिच्यासमोर उभाच राहिला.

"टाक की," सायकलवाला म्हणाला. "चावत नाही ती."

मी दारात उभी होते, पाठीशी पाणी घेऊन, आणि गल्ली इतकी शांत होती, की पेटीच्या तळाशी पाकीट पडल्याचा आवाज मला ऐकू आला.